जुन्या ट्रकचे ब्रेक आणि वायरिंग : मूळचंच ठेवायचं की बदलायचं? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गुळवाट
आमच्या आजोबांचा १९६२चा फार्गो ट्रक गोठ्यामागच्या पत्र्याखाली सव्वीस वर्षं उभा होता. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, पर्किन्स पी-६ डिझेल इंजिनाचा. याच ट्रकनं गुळाच्या ढेपा राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं कणकवलीला उतरत. गेली दोन वर्षं मी तो उभा करतोय. इंजिन बोललं, केबिनचा पत्रा झाला, रंग झाला. आता ब्रेक आणि वायरिंगपाशी आलोय आणि घरात, मित्रांत सगळीकडे वाद सुरू आहे.

माझं मत आधीच सांगतो. इंजिन, केबिन, फाळके, मीटर, सगळं मूळचं राहू दे. ब्रेक आणि वायरिंग मात्र आजच्या पद्धतीचंच करायचं. सीट फाटकी राहिली तर मला टोचेल. ब्रेक गेला तर पुढच्या दुचाकीवरचं कुटुंब जाईल. त्यांनी माझ्या हौसेची किंमत का द्यावी?

वायरिंग उघडलं तेव्हा कापडी वेष्टनाखालचं रबर बोटात बिस्किटासारखं तुटत होतं. अख्ख्या ट्रकला दोन फ्यूज, आणि हेडलाइटच्या लाइनीला एकही नाही. बॅटरीचा सगळा करंट डॅशबोर्डमागच्या अँमीटरमधून फिरतो. ब्रेकला पेडलच्या जोरानं तेल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर, त्यातून एकच पाइप, पुढे त्यालाच चारही चाकांचे फाटे. एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. आजोबांचं एकदा तसं झालं होतं. मागच्या चाकाच्या ब्रेकमधला तेल अडवणारा रबरी कप फाटला आणि पेडल फळीला टेकलं. गिअर खाली पाडत, हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. ती गोष्ट सांगताना म्हातारपणीही त्यांचा हात थरथरायचा.

बेत असा आहे : दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना तेलाच्या वेगळ्या वाटा, नवी फ्यूज बॉक्स, रिले, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. विरोध असेल त्यांनी कारणासकट बोलावं.

बारा-तेरा पाना
माझा विरोध आहे, आणि तो निव्वळ हौसेपोटी नाही. वडील फिटर, मी फिटर. फार्गो, डॉज, बेडफर्ड यांचे ब्रेक लहानपणापासून खोलतोय.

पहिला प्रश्न : तुमच्या ट्रकला हायड्रोव्हॅक आहे ना? व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेकचा दाब वाढवणारा, चासीला लटकलेला तो मोठा डबा? मग दुहेरी मास्टर बसवून त्याचे दोन पाइप नेणार कुठे? हायड्रोव्हॅकला तेल जायला एक तोंड आणि वाढीव दाबाचं तेल बाहेर पडायला एक तोंड. दोन सर्किटं हवी असतील तर एकतर दोन हायड्रोव्हॅक लावा, नाहीतर पेडलजवळ बसणारा वेगळा बूस्टर आणा, म्हणजे फायरवॉल, इंजिन आणि केबिनमधला पत्रा, कापा, पेडलचा लिव्हर बदला. मागच्याच चाकांना हायड्रोव्हॅक ठेवून पुढचं सर्किट पायाच्या जोरावर सोडलंत तर पुढची चाकं धरणारच नाहीत, मागची आधी जाम होतील आणि पावसात ट्रक आडवा होईल. ब्रेक वाढला असं तुम्हाला वाटेल, प्रत्यक्षात तोल गेलेला असेल.

दुसरं. कुठल्यातरी डिस्क ब्रेकच्या गाडीचा मास्टर मिळाला म्हणून कोणी तो बसवतं. ड्रमच्या लाइनीत पेडल सोडल्यावरही थोडा दाब, साधारण १० पीएसआय, राहावा लागतो. त्यासाठी जुन्या मास्टरच्या टोकाला एक झडप असते. ती नसली की व्हील सिलिंडरचे कप सैल पडून हवा ओढतात आणि पेडल रोज स्पंज होतं. मास्टरच्या बोअरचंही, म्हणजे आतल्या व्यासाचंही, तसंच. २५ मिलिमीटरच्या जागी ३२चा मास्टर लावला तर तेवढ्याच पायाला दाब जवळपास चाळीस टक्के कमी मिळतो. बसवणाऱ्याला वाटतं, पेडल कसं कडक झालं बघा! कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे हो.

आजोबांचा कप फाटला तो एकच सर्किट होतं म्हणून नाही. किती वर्षांचा होता तो कप? त्या काळी ब्रेक ऑइल मिळालं नाही की लोक एरंडेल घालायचे, कधी गिअर ऑइलसुद्धा. गिअर ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. चूक तिथे होते.

घाटमाथा
पानावाले दादा, कप वेळेवर बदलणं बरोबरच आहे. पण रस्त्यावरचा दगड उडून होज कापला तर? पाइप चासीला घासत घासत झिजला तर? देखभाल करणाऱ्यालाही हे होतं. दोन सर्किटं असतात ती नेमकी अशा वेळेसाठी. अमेरिकेत १९६८पासून प्रवासी मोटारींना दुहेरी सर्किट कायद्यानं सक्तीचं झालं. त्याआधी काय माणसं देखभाल करत नव्हती? करत होती आणि तरी मरत होती, म्हणून नियम आला. मी गुळवाटच्या बाजूचा आहे.

हायड्रोव्हॅकची अडचण खरी आहे, पण ती सोडवायची अडचण आहे. अडचण आहे म्हणून विचारच करायचा नाही, हे पटत नाही.

जुनं लोखंड
मला वेगळंच दुखतंय. असे किती फार्गो उरले? बहुतेक भंगारात गेले, उरलेल्यांच्या चासीवर पाण्याच्या टाक्या चढल्या. तुमच्या ट्रकमध्ये साठ वर्षांपूर्वीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या हातांनी ओढलेल्या वायरी, वळवलेले पाइप अजून आहेत. पाइप कुठून नेला, क्लिप कुठे मारली, वायरीचा कोणता रंग कुठे गेला, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते उपटून प्लास्टिकची फ्यूज बॉक्स ठोकलीत की ती माहिती कायमची गेली. रंग पुन्हा देता येतो, हे पुन्हा मिळत नाही. ट्रक वर्षातून चार वेळा, गावच्या जत्रेला आणि प्रदर्शनाला निघणार असेल तर सावकाश चालवा. गाडीनं तुमच्या वेगाला जुळवून घ्यायचं की तुम्ही गाडीच्या, हे आधी ठरवा.

गुळवाट
लोखंड दादा, तुमचं दुखणं मला कळतं, पण ते मान्य करता येत नाही. सावकाश चालवणं माझ्या हातात आहे, समोरून येणाऱ्याचं चालवणं नाही. आणि मला हा ट्रक जत्रेला न्यायचा नाहीये. फोंडा घाट एकदा उतरायचाय, आजोबांच्या वाटेनं, पाठीमागे गूळ भरून.

उष्णतेचा हिशेब
गूळ भरून म्हणालात म्हणून लिहिते. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते. तुम्ही सगळे सर्किटांवर भांडताय, पण घाटात ब्रेक जातात ते जास्त करून उष्णतेनं, आणि त्यापुढे दुहेरी सर्किटचा काहीच उपयोग नसतो. दोन्ही सर्किटं एकाच वेळी तापतात.

हिशेब करून बघा. भरलेला ट्रक ८ टन धरा, उतार ३०० मीटरचा. तेवढं खाली येताना सुमारे २३.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ७५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी ही उष्णता. ती सगळी ब्रेकवर टाकलीत तर चाकांचे ओतीव लोखंडाचे ड्रम तापून फुगतात, त्यांना आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब सरकतात, लायनरची पकड घटते, पेडल खोल जातं. त्यात तेल जुनं असेल तर संपलंच. डॉट-३ दर्जाच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४० इतका खाली. डॉट-४चे तेच आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या दमट हवेत तेल पाणी पिणारच. व्हील सिलिंडरमध्ये तेल उकळलं की लाइनीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, चाक दाबलं जात नाही.

म्हणून माझं मत : आधी ड्रम मोजा. लेथवर टर्निंग करून करून पातळ झालेला ड्रम उष्णता साठवू शकत नाही, तो लवकर तापतो आणि तडकतो. लायनरची चापाची गोलाई ड्रमला जुळते का बघा. तेल दरवर्षी बदला. आणि ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा. एक मात्र ध्यानात असू द्या : डिझेलला सहसा पेट्रोल इंजिनासारखी, हवेची वाट आवळणारी थ्रॉटल नसते, त्यामुळे इंजिनाचा रोध तुलनेनं कमी. त्याच कारणानं हायड्रोव्हॅकला लागणारा व्हॅक्यूमही डिझेल इंजिन स्वतः देत नाही, वेगळा एक्झॉस्टर, म्हणजे हवा ओढणारा पंप, लागतो. तो तपासलात का? एक्झॉस्टर थकला असेल तर दोन सर्किटं काय, चार लावलीत तरी पाय दमेल.

बारा-तेरा पाना
ताई, हेच मला म्हणायचं होतं, मला असं मांडता आलं नसतं. जोडीला एकच : जुने लायनर काढताना ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं फुंकू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडावर मास्क लावा. आमच्या वडलांच्या पिढीनं ती धूळ रोज खाल्ली.

सांगलीकर वायरमन
ब्रेकवर लई झालं, वायरिंगवर कुणी बोलंना म्हणून लिहितो.

नवं वायरिंग घालायलाच पाहिजे. रबर तुटलेलं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तसाच ठेवून गाडी चालवणं म्हणजे सीटखाली जळती काडी ठेवणं. इथं लोखंड दादांचं मला पटत नाही. पण उपटायच्या आधी दोन दिवस घालवा. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, फोटो काढा, हार्नेस अख्खं फळीवर पसरून खिळ्यांनी आकार धरा. लुकासचं वायरिंग असेल तर वेष्टन ओल्या फडक्यानं पुसल्यावर रंग दिसतात. तपकिरी बॅटरीची थेट लाइन, पांढरी स्विचनंतरची, हिरवी फ्यूजनंतरची, निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची, काळी अर्थ, म्हणजे चासीला जाणारी. त्याच रंगाच्या पीव्हीसी वायरी घ्या आणि वर कापडी वेष्टन चढवा. बघणाऱ्याला जुनं, आतून नवं. जुनं हार्नेस डब्यात जपून ठेवा, म्हणजे दादांची माहितीबी जाणार न्हाई.

फ्यूज पाहिजेतच, पण डॅशबोर्डवर कशाला? सीटखाली बॅटरीजवळ एक मोठा आणि प्रत्येक हेडलाइटला वेगळा. एकच फ्यूज दोन्ही दिव्यांना दिला आणि रात्री घाटात उडाला तर दोन्ही डोळे एकदम जातात.

अल्टरनेटरला मात्र माझा विरोध आहे. डायनॅमोचा कटआउट आणि रेग्युलेटर नीट लावला तर तो पुरतो. लुकासच्या सी-४० डायनॅमोला २२ अँपिअर मिळतात. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून ९ अँपिअरच खातात. तुम्ही एसी लावणार हाय का? आणि आधी बघा, बॅटरीचं कुठलं टोक चासीला हाय. पॉझिटिव्ह अर्थ असेल आणि तुम्ही सवयीनं निगेटिव्ह अर्थचा अल्टरनेटर जोडून चालू केला तर डायोड जागेवर जळतील.

दिवे मिणमिणतात ते बहुतेक वेळा अर्थमुळं. वायरीच्या टोकाची थिंबल रंगावरच घट्ट केली की अर्थ नीट लागत न्हाई. खरवडा, चकचकीत पत्र्यावर लावा, वर ग्रीस. बल्बला १२च्या जागी साडेदहा व्होल्ट मिळाले तरी उजेड तिसऱ्या हिश्श्यानं घटतो.

घाटमाथा
डायनॅमो मंद फिरताना काहीच देत नाही हो. घाटात कोंडी झाली, रात्र आहे, पाऊस आहे, वायपर आणि दिवे चालू, इंजिन मंद. बॅटरी उतरत जाते. या एका गोष्टीसाठी तरी अल्टरनेटर हवा.

सांगलीकर वायरमन
दोन तास कोंडी, ९ अँपिअर म्हणजे १८ अँपिअर-तास. ट्रकची बॅटरी शंभराच्या पुढची असते. उतरत न्हाई.

मिशिगनहून
मूळची साताऱ्याची, इथे नवऱ्याबरोबर १९५०ची शेव्हर्ले पिकअप बांधते आहे. तिचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्रेमला असतो. त्याच जागी दुहेरी मास्टर बसवण्याचं तयार किट मिळालं, कंस, पाइप, झडपा सगळं मोजून दिलेलं, म्हणून आम्ही बसवलं. मूळचं ६ व्होल्टचं वायरिंगही १२वर नेलं. आमच्या गाडीला हायड्रोव्हॅक नाही, वजन दीड टनाच्या आसपास. गुळवाट, तुमच्यासाठी कोणी असं मोजून ठेवलेलं नाही. तुम्ही पहिला प्रयोग घाटात करणार. मी बदलाच्या बाजूची असूनही म्हणेन, न तपासलेल्या दुहेरी सर्किटपेक्षा नीट बांधलेलं एकेरी मला परवडेल.

नोंदवही
कागदांचं बघून ठेवा. २०२१च्या जुलैत आलेले व्हिंटेज गाड्यांचे नियम ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मालवाहू ट्रकला ती चौकट सरळ बसत नाही, तेव्हा तुमची जुनी नोंदणी जिवंत आहे का हेच आधी पाहा. त्या नियमांतही मूळ रूप बिघडलं असं धरतात ते चासी, बॉडी किंवा इंजिन बदललं तर. नवे पाइप आणि वायरी त्यात येत नाहीत. पण फायरवॉल कापून बूस्टर बसवलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आठवा, परवानगीशिवाय मूळ रचनेत फेरफार चालत नाही.

गुळवाट
सगळं दोनदा वाचलं. काल दिवसभर ट्रकखाली होतो.

ड्रम मोजले. मागचा उजवा इतका पातळ आहे की तो टाकूनच द्यावा लागेल. एक्झॉस्टर खोलला, आतल्या पट्ट्या झिजल्यात. म्हणजे मी जी भीती दुहेरी मास्टरनं घालवणार होतो ती खरी या दोन ठिकाणी बसली होती, हे मान्य करतो. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला आहे, वायरमन दादांचं ऐकलं म्हणून वाचलो. डायनॅमोच ठेवतोय. हार्नेस फळीवर पसरलंय, आईनं चिठ्ठ्या बांधायला घेतल्यात.

मूळ मास्टर आणि व्हील सिलिंडर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आतून स्टेनलेस स्लीव्ह मारायला दिलेत. पाइप आणि होज सगळे नवे, तेल डॉट-४.

पण एका होजवर अख्खा ट्रक, हे मला अजून पटलेलं नाही. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर आहे. तो तेलावर चालत नाही, म्हणजे वेगळाच ब्रेक झाला. पण चालत्या गाडीत ओढला तर जॉइंटवर ताण येतो, आणि शाफ्ट तुटला तर तोही गेला. हायड्रोव्हॅकच्या पुढे, मागच्या आणि पुढच्या चाकांचे फाटे फुटतात तिथे, एक फाटा फुटला की फक्त तोच बंद करणारी झडप बसवता येईल का? पाना दादा, असं काही तुम्ही कधी बसवलंय?

बारा-तेरा पाना
बसवलेलं पाहिलंय, बसवलेलं नाही. झडप अडकली तर चांगला फाटाही बंद होतो, म्हणून वडील टाळायचे. रविवारी कोल्हापुरात आहे. ट्रक जॅकवर ठेवा, एक होज मुद्दाम सैल करून पेडल किती जातं ते दोघं मिळून बघू, मग बोलू.