मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये केस चालू असताना सॉलिसिटरने फर्म बदलली, लीगल एडची फी कशी वाटायची?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या एका छोट्या क्रिमिनल डिफेन्स (आरोपींचा बचाव करणाऱ्या) फर्ममध्ये मी बिलिंग बघते. आमची फी लीगल एडमधून, म्हणजे अशिलाला मिळणाऱ्या सरकारी कायदेशीर मदतीतून येते. इथे वकिली करणारं कुणी हा धागा वाचत असेल तर कृपया सांगा, दुसऱ्या फर्मला लवकरच उत्तर द्यायचं आहे.

क्राउन कोर्टातली (गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टातली) केस. रिप्रेझेंटेशन ऑर्डर (लीगल एड मंजूर करणारा, फर्मचं नाव असलेला आदेश) आधी दुसऱ्या फर्मच्या नावावर होती. प्ली अँड ट्रायल प्रिपरेशन हिअरिंग (आरोपी गुन्हा कबूल करतो की नाही ते विचारून ट्रायलची आखणी करणारी सुनावणी) तिथेच झालं, डिफेन्स स्टेटमेंटही (बचावाची लेखी बाजू) त्यांनीच दिलं. मग केस सांभाळणारे सॉलिसिटर (केसची तयारी करणारे वकील) नोकरी बदलून आमच्याकडे आले, अशील त्यांच्याबरोबर आला आणि ऑर्डर आमच्या नावावर झाली. ट्रायल आमच्याकडे झाली, ज्युरीने निर्दोष सोडलं.

जुनी फर्म म्हणते, ही सरळ ट्रान्सफर आहे. 2013 च्या रेम्युनरेशन रेग्युलेशन्सच्या (लीगल एडची फी ठरवणाऱ्या नियमांच्या) दुसऱ्या परिशिष्टात तक्ता आहे: त्या हिअरिंगपर्यंत केस गेली तर जुन्या फर्मला 25 टक्के, त्यानंतर पण ट्रायलच्या आधी गेली तर 75 टक्के, आणि दोन्ही वेळा नव्या फर्मला पूर्ण 100. ट्रायल चालू असताना गेली तर जुन्याला 100, नव्याला 50. म्हणजे खऱ्या ट्रान्सफरमध्ये वाटणीचा प्रश्नच नाही, दोघांनाही लीगल एड एजन्सीच (ही फी देणारी सरकारी संस्था) स्वतंत्र पैसे देते. म्हणून ते एजन्सीकडे 75 टक्के मागणार आहेत.

पण त्याच परिशिष्टात असंही आहे की, केसची जबाबदारी असलेला सॉलिसिटरच दुसऱ्या फर्ममध्ये गेला तर ती ट्रान्सफर धरायची नाही. फर्मचं विलीनीकरण झालं आणि नवी फर्म जुनीशी जवळून जोडलेली राहिली, तरी तेच. माझ्या वाचनाप्रमाणे आमची केस यात बसते, म्हणजे फी एकच आणि ती आमच्याकडे येणार.

मग जुन्या फर्मचं काय? आमचे सॉलिसिटर म्हणतात, एक पेनीही देणं लागत नाही. मला हे पटत नाही. त्यांच्याकडच्या पॅरालीगलने (वकिलाच्या मदतनीसाने) पुराव्याची सगळी पानं वाचून टिपणं काढलीत, ट्रायलला आम्ही तीच वापरली. लीगल एडवर फर्म चालवणं किती ओढाताणीचं असतं, हे रोज बघते, त्यामुळे त्यांची मागणी मला लोभाची वाटत नाही. बॅरिस्टरांकडे (कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलांकडे) निदान वहिवाट आहे: फी ट्रायल लढवणाऱ्या अ‍ॅडव्होकेटच्या हाती येते, मधल्या सुनावण्यांना उभं राहिलेल्यांचा वाटा तो देतो आणि त्यासाठी बारचा (बॅरिस्टरांच्या संघटनेचा) प्रोटोकॉल आहे. सॉलिसिटरांमध्ये अशा वेळी काय प्रथा आहे?

माझे प्रश्न: ही ट्रान्सफर नाही, हे मी बरोबर वाचते आहे का? आणि एकच फी असेल तर वाटा कोणत्या मापाने ठरवायचा, तासांच्या की टप्प्यांच्या?

---

प्रतिसाद

ताई, वाचन बरोबर आहे. वाटणी दोन फर्मनी आपसात ठरवायची आणि लेखी करायची.

तासांवर जाऊ नका असं मी म्हणेन. ही फी गुन्ह्याचा वर्ग, पुराव्याची पानं आणि ट्रायलचे दिवस यांवर ठरते, त्यामुळे दोन्हीकडच्या टाइम नोट्स जुळवताना नुसते वाद होतात. त्यापेक्षा फीचे दोन भाग करून बघा: पानांमुळे किती आली आणि ट्रायल लांबल्यामुळे किती. पानांवरच्या भागात त्यांचा हक्क मोठा, कारण वाचन त्यांनी केलं. ट्रायलच्या दिवसांचा भाग तुमचा.

त्याआधी एक विचारून घ्या: त्या हिअरिंगनंतर जुन्या फर्मने एजन्सीकडून इंटरिम पेमेंट (केस चालू असताना मिळणारी आगाऊ रक्कम) उचललं आहे का? उचललं असेल तर त्यांच्या वाट्याचा काही भाग आधीच पोचला आहे, आणि अंतिम क्लेमच्या हिशेबात ते धरावं लागेल. एजन्सीकडचा फीचा क्लेम मात्र वाद मिटेपर्यंत अडवू नका. केस संपल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. निकाल कधी लागला?