एफएमजीई: प्री-क्लिनिकलचे ५१ मार्क सोडून दिले तर चालेल का?

बिश्केक_रिटर्न

नमस्कार. किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून एमबीबीएस करून आले आणि आता ऐरोलीत एफएमजीईचा (परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांच्या परीक्षेचा) अभ्यास चालू आहे. सकाळी घरी, दुपारनंतर अभ्यासिकेत, कारण संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे आजीच्या मालिका लागतात आणि आजीला कमी ऐकू येतं. मेडिसिन, गायनॅक वाचायला बसले की वेळ कुठे जातो कळत नाही. घोडं अडतं ते अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री या प्री-क्लिनिकल विषयांपाशी. फर्स्ट इयरला सगळं झालं होतं, पण तेव्हा निम्मं लक्ष रशियन शिकण्यात आणि उरलेलं थंडीत. आता ब्रेकियल प्लेक्ससची (हाताला जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची) आकृती समोर आली की ठाणे स्टेशनचे पूल आठवतात, कुठून चढलो आणि कुठे उतरणार काही पत्ता नाही.

ग्रँड टेस्टमध्ये (पूर्ण पेपरच्या सराव परीक्षेत) या तीन विषयांत मार्क पडतच नाहीत. अभ्यासिकेतला ग्रुप म्हणतो, तिन्ही मिळून ५१ मार्क, सोडून दे, क्लिनिकलवर जोर लाव. बाबांचं म्हणणं, "पासच तर व्हायचंय ना?" खरंच सोडले तर चालेल का? क्लासची जाहिरात कृपया कोणी टाकू नका.

रबाळे_लोकल

बिनधास्त सोड. माझ्या रूममेटने बायोकेम उघडलंसुद्धा नव्हतं, तरी निघाला. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, येत नसेल तिथे सगळीकडे 'सी' मारायचं.

नेरुळच्या_मॅडम

'सी'वाल्या दादांच्या रूममेटचं अभिनंदन. पण आधी हिशोब करू, कारण "५१च तर मार्क" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी फिजिओलॉजी शिकवायचे, आता निवृत्त आहे. बाहेरून शिकून आलेली मुलं अधूनमधून शंका घेऊन घरी येतात.

पेपर ३०० मार्कांचा, पास व्हायला १५०. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेम प्रत्येकी १७. हे ५१ पूर्ण सोडलेस तर उरलेल्या २४९ मधून १५० काढायचे, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर. आंधळेपणाने 'सी' मारलंस आणि चारांत एक बरोबर आलं असं धरलं, तर १३च्या आसपास मिळतील. तरी बाकीच्यांत ५५ टक्के लागतात. त्याऐवजी या तिघांत मिळून ३० काढलेस, तर उरलेल्यांत १२० पुरतात, ४८ टक्के. परीक्षेच्या दिवशी ५५ आणि ४८ मधला फरक काय असतो ते थोडक्यात राहिलेल्यांना विचार.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मार्कांपेक्षा महत्त्वाची. तू हे तीन विषय वेगळे ठेवून वाचते आहेस, म्हणून ते रुक्ष वाटतात. फर्स्ट इयरचं जाडजूड पुस्तक पान एकपासून काढून बसू नकोस. एक कोरा कागद घे आणि त्यावर फक्त एक नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली लघवी तयार करणारी बारीक नळी, काढ. चित्र वाईट आलं तरी चालेल, माझंही कधी धड आलं नाही. आता त्यावर लघवी वाढवणारी औषधं टाक. प्रॉक्झिमल ट्युब्यूलवर अ‍ॅसिटाझोलामाइड, हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागावर फ्युरोसेमाइड, डिस्टलवर थायाझाइड, कलेक्टिंग डक्टवर स्पायरोनोलॅक्टोन. प्रत्येकापुढे लिही, तिथे काय अडतं आणि त्यामुळे लघवीतून काय जातं. फ्युरोसेमाइडने कॅल्शियम बाहेर जातं. थायाझाइडने लघवीतलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून पुन्हा पुन्हा कॅल्शियमचे खडे होणाऱ्या पेशंटला ते देतात. त्याच कागदावर बार्टर सिंड्रोम फ्युरोसेमाइडच्या शेजारी लिही आणि गिटेलमन थायाझाइडच्या शेजारी, दोन्ही किडनीचे आनुवंशिक आजार. बार्टरचा पेशंट जन्मभर फ्युरोसेमाइड घेतल्यासारखा वागतो, गिटेलमनचा थायाझाइड घेतल्यासारखा. एवढं कळलं की पोटॅशियम, अल्कलोसिस (रक्त अल्कलीकडे झुकणं) काही पाठ करावं लागत नाही. बघ, फिजिओलॉजीचा एक कागद फार्माकोलॉजी, मेडिसिन आणि सर्जरीतले खडे घेऊन आला.

अ‍ॅनाटॉमीतही तेच. प्लेक्ससच्या फांद्या घोकण्याआधी जखमा बघ. ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मधल्या भागाला फ्रॅक्चर, रिस्ट ड्रॉप झालाय (मनगट खाली लोंबतंय), पण पेशंट कोपर सरळ करू शकतो. का? कारण कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूच्या बऱ्याच फांद्या रेडियल नर्व्ह हाडावरच्या स्पायरल ग्रूव्हमध्ये शिरायच्या आधीच निघालेल्या असतात. काखेत कुबडीचा दाब पडून नर्व्ह गेली तर मात्र ट्रायसेप्सही जातो. हे ऑर्थोतही येतं, अ‍ॅनाटॉमीतही.

बायोकेमबद्दल तुझ्या ग्रुपशी मी अर्धी सहमत आहे. प्रत्येक सायकलची प्रत्येक रचना काढत बसू नकोस. एन्झाइम कमी पडलं तर मूल कसं दिसतं, एवढं बघ. फॉन गिर्के या आजारात ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज नाही, म्हणून उपाशी राहिलं की साखर घसरते, लिव्हर मोठं, लॅक्टेट आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेलं. मॅकआर्डल या आजारात दोष स्नायूत, म्हणून साखर नॉर्मल, पण व्यायाम केला की पायात गोळे येतात आणि लॅक्टेट वाढायला हवं तेवढं वाढत नाही. हे दोन शेजारी शेजारी लिही. मग पीडियाट्रिक्सला वेगळं वाचायला नको.

कळवा_नाईट_ड्युटी

मॅडमचा हिशोब मान्य, पण परीक्षा दोन महिन्यांवर आली असेल तर कागद काढत बसायला वेळ नसतो. सध्या इंटर्नशिप करतोय, माझा क्रम सांगतो. पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३ आणि फॉरेन्सिक १०, हे ४९ मी आधी पक्के केले, कारण तिथे थेट प्रश्न येतात. पीएसएमचे (सामाजिक आरोग्याचे) ३० कोणी मनावर घेत नाही, ते फुकटचे आहेत. मग प्री-क्लिनिकल, तेही आधी एमसीक्यू सोडवून, चुकलं तेवढंच वाचून.

अजून एक. प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. थेट आठवणीचा प्रश्न वीस सेकंदांत सुटला तर उरलेला वेळ गायनॅकच्या लांबलचक केसला जातो. प्री-क्लिनिकल येत असण्याचा हा फायदा कोणी सांगत नाही. आणि मॅडम, ते नेफ्रॉन वॉर्डातही भेटतं. रात्री तीनला सिस्टर विचारतात, "डॉक्टर, लॅसिक्स दिलंय, पोटॅशियम पाठवायचं का?" लॅसिक्स म्हणजे तेच फ्युरोसेमाइड.

नेरुळच्या_मॅडम

दोन महिनेच असतील तर तुझा क्रम बरोबर. पण चुकलेला एमसीक्यू वाचून लगेच पुढे जाऊ नये. बाकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे स्वतःला तोंडी सांगता आलं पाहिजे. मुलं नेमकी इथेच आळस करतात.

बिश्केक_रिटर्न

मनापासून आभार. माझ्याकडे साडेतीन महिने आहेत, म्हणजे कागद काढायला वेळ आहे. काल अभ्यासिकेत नेफ्रॉन काढला, शेजारची मुलगी फोटो काढून घेऊन गेली. एका ठिकाणी अडकले. अ‍ॅसिटाझोलामाइडने अ‍ॅसिडोसिस होतो आणि फ्युरोसेमाइडने अल्कलोसिस. दोन्ही लघवीचीच औषधं, मग उलटं का?

नेरुळच्या_मॅडम

शाब्बास, हाच प्रश्न पडायला हवा होता. प्रॉक्झिमल ट्युब्यूल बायकार्बोनेट परत आत घेते आणि त्याला कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज लागतं. अ‍ॅसिटाझोलामाइडने ते एन्झाइमच बंद केलं, बायकार्बोनेट लघवीत गेलं, रक्त आम्लाकडे झुकलं. फ्युरोसेमाइडने सोडियम पुढे ढकललं जातं, ते कलेक्टिंग डक्टमध्ये पोचतं, शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे अल्डोस्टेरॉनही वाढलेलं असतं. तिथे सोडियम आत येतं आणि बदल्यात पोटॅशियम आणि हायड्रोजन बाहेर जातात. म्हणून अल्कलोसिस, म्हणून पोटॅशियम कमी, म्हणून रात्री तीनला सिस्टरांचा प्रश्न.

आता पुढचं तू लिही. लेहला जाणारे लोक उंचीचा त्रास होऊ नये म्हणून हेच अ‍ॅसिटाझोलामाइड घेतात. रक्त जरा आम्ल झालं तर श्वासाचं काय होतं, आणि त्याचा तिथे फायदा का?