मदत हवी आहे: आमच्या लिंकन काउंटीला हे नाव कोणावरून पडलं? (अर्जंट)

मृण्मयी_क
लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी द्यायचाय. आपल्या काउंटीला नाव कसं पडलं ते लिहायचंय. तिने अब्राहम लिंकनवर पानभर लिहून उंच टोपीचं चित्र काढून दिलं तर टीचरने परत पाठवलं, हा माणूस नव्हे, पुन्हा शोध म्हणून. गुगल केलं की ढीगभर लिंकन काउंट्या निघतात, प्रत्येकीचं वेगळंच काहीतरी. नक्की माहिती असेल तर पटकन सांगा प्लीज.

निवांत
राज्य कुठलं?

घाटमाथा
अब्राहमच असणार हो, आम्ही न्यू मेक्सिकोत होतो तिथली 1869 ची लिंकन काउंटी त्याच्याच नावाची, बिली द किड या डाकूवाली. टीचरला सरळ मेल टाका.

निवांत
सरसकट नाही हो. मेन राज्यातली लिंकन काउंटी 1760 ची आणि अब्राहमचा जन्म 1809 चा, ती इंग्लंडातल्या लिंकनवरून. साउथ डकोटातली त्या मेनच्या काउंटीवरून. केंटकी, जॉर्जिया, टेनेसीतल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या अमेरिकन जनरल बेंजामिन लिंकनवरून. ताई, आधी राज्य सांगा.

मृण्मयी_क
शार्लटजवळ राहतो ना आम्ही, हीच एक आहे इथे.

निवांत
मग नॉर्थ कॅरोलायना. तुमचाही बेंजामिनच. तिथे आधी ट्रायॉन काउंटी होती, ब्रिटिश गव्हर्नर विल्यम ट्रायॉनच्या नावाची. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर ते नाव कोणाला नको होतं, 1779 मध्ये ती मोडून लिंकन आणि रदरफर्ड अशा दोन केल्या.

शेवगाभाजी
त्या बाजूला घर घेत असाल तर शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीपेक्षा स्वस्त पडतं पण ऑफिसला जायचं तर ट्रॅफिक बघून घ्या, शाळेची हद्द आधी तपासा.

मृण्मयी_क
घर नकोय मला, नाव हवंय.

घाटमाथा
हा बेंजामिन म्हणजे यॉर्कटाउनला ब्रिटिश शरण आले तेव्हा त्यांची तलवार घेतली तोच ना? मग त्यासाठीच नाव दिलं असणार! ब्रिटिशांचा सेनापती कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, हाताखालच्या ओहाराला पाठवलं. तोच कॉर्नवॉलिस पुढे 1786 ला गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला, 1792 ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध आपले हरिपंत फडके त्याच्यासोबत होते. लेकीला हे नक्की लिहायला सांगा, मराठ्यांचा संबंध आहे.

निवांत
घाटमाथा, साल बघा. यॉर्कटाउन ऑक्टोबर 1781 चं, नाव 1779 चं. तेव्हा लिंकन चार्ल्स्टनला दक्षिणेकडच्या फौजेचा सेनापती होता म्हणून त्याचं नाव. चार्ल्स्टन त्याला ब्रिटिशांच्या हवाली करावं लागलं ते 1780 मध्ये. आणि फडके कशाला मध्ये, प्रोजेक्ट काउंटीचा आहे.

घाटमाथा
मध्ये कशाला म्हणजे? पोरांना आपला इतिहास कधी कळणार मग?

मृण्मयी_क
भांडू नका हो. तलवारीचं चित्र तिने काढायला घेतलंय ऑलरेडी, चालेल का तेवढं?

निवांत
चालेल की, फक्त चित्राखाली 1781 लिहा आणि मजकुरात 1779 आधी येऊ द्या.