पूर्ण मनानं उपासना म्हणजे नेमकं काय? (रविवारपासून डोक्यात आहे)

शरणपूरकर
गेल्या रविवारी चर्चमध्ये 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक जुनं गीत चालू होतं, चौथं कडवं. पुढच्या बाकावरचे काका गाता गाता मोबाइलवर कांद्याचे भाव बघत होते. शब्द एकही चुकला नाही त्यांचा! (मीही त्यांच्याच मोबाइलकडे बघत होतो, ते सोडा.) ओठ चर्चमध्ये, मन लासलगावच्या मार्केटात. बायबलात यशयाच्या 29व्या अध्यायात हेच तर आहे: लोक ओठांनी देवाला मान देतात, अंतःकरण दूर. येशूनं परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, तेच ऐकवलं. माझं मत स्पष्ट आहे. छापील क्रम, ठरलेली उत्तरं, उठा-बसा, यात मन उतरत नाही. तरुण संघाची शुक्रवारची आराधना बघा. गिटार, ढोलक, तासभर डोळे मिटलेले. तिथं कोणी भाव बघत नाही.

गोदाकाठची मार्था
भाव बघत नाहीत, रील काढतात.
आई गेली त्या रात्री दवाखान्याच्या पॅसेजमध्ये मला स्वतःचा एक शब्द सुचत नव्हता. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' तेवढं तोंडातून आलं, कारण ते लहानपणापासून पाठ होतं. तेव्हा माझं मन अर्धं होतं का? आणि वधस्तंभावर येशू जे ओरडला, 'माझ्या देवा, माझ्या देवा', ती 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे पाठ असलेलीच.

शरणपूरकर
हे मानलं. पण दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढं (पवित्र पेटीपुढं) जिवाच्या आकांतानं नाचला, आणि खिडकीतून बघून नाक मुरडणारी त्याची बायको मीखल होती. आपल्याकडं मीखलच जास्त.

नाशिकरोडचा पीटर
आम्ही कॅथलिक, मधे तोंड घालतो. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 65. त्याआधी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. माझ्या आजीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण गुडघे टेकलेले, हातात रोझरी (जपमाळ), डोळे वेदीवर. आमच्याकडं फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला या. मेणबत्ती घेऊन रांगेत उन्हात उभ्या असलेल्या बायका बघा, त्यांत कितीतरी हिंदू असतात. उपासना शरीरानंही होते. सगळी मनातच होत असती तर शेवटच्या भोजनात येशूनं हातात भाकर कशाला घेतली असती?

पिंपळगावचा बागायतदार
हात वर करायचे की जोडायचे यावर भांडताय तुम्ही.
आमच्या ओळखीतले एक सद्गृहस्थ. आराधनेत सगळ्यात पुढं, साक्ष देताना (देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगताना) रडतात, रडणं खोटं नसावं. त्यांच्या द्राक्षबागेत पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी थिनिंगला आली. दिवसभर मान वर करून घडातले मणी कात्रीनं कमी करायचे, संध्याकाळी मान सरळ होत नाही. एकवीस दिवस झाले, पैसे नाहीत. 'माल गेला की देतो.' माल गेला. व्यापाऱ्याचे पैसे आले. टोळीचे नाहीत. टोळीतली एक बाई माझ्या बांधावर येऊन विचारत होती, तुमच्या चर्चचेच ना ते?
याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. अडकवलेली मजुरीच ओरडते, असं लिहिलंय. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आता बोला, गिटार की उपासना संगीत?

गोदाकाठची मार्था
दादा, बाईला काय उत्तर दिलंत ते सांगितलं नाहीत.
बाकी मुद्दा बरोबर, पण तो पुढं ताणला की 'काम हीच पूजा' होतं, आणि तसं म्हणणाऱ्यांचं रविवारी क्रिकेट असतं. नाव मार्था लावूनही सांगते, बायबलातली मार्था घरकामात गुंतली होती, पण येशूनं पायाशी बसून ऐकणाऱ्या तिच्या बहिणीची, मरीयेचीच बाजू घेतली होती.

पिंपळगावचा बागायतदार
उत्तर दिलं नाही. लाज वाटली. पाळकसाहेबांना घेऊन उद्या त्यांच्या घरी जातोय. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन महिने माझे रविवार चुकतात हेही कबूल. पण रोमकरांस पत्रात पौल शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून द्यायला सांगतो. शरीर सोमवारीही असतं ना.

गोदाकाठची मार्था
शरणपूरकर, अजून एक. ज्याला तुम्ही जुनं म्हणता ते कोणे एके काळी नवंच होतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. त्यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, म्हणजे तेव्हाचं गिटार-ढोलकच की. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, माहेर आपलंच, नाशिकजवळचं जलालपूर. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून दुसऱ्या दिवशी झाल्या नाहीत. रागावल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळं सुटेना. काही वर्षं गेली, मग त्यांचा बाप्तिस्मा. कुणाचं मन एका शुक्रवारात पूर्ण होतं, कुणाचं सावकाश. डोळे मिटलेत का यावरून ते कळत नाही.

शरणपूरकर
गिटारवरचा माझा हट्ट कायम आहे. पण आज त्या काकांना गाठून विचारलंच. म्हणाले, "कांदाचाळीत दीडशे क्विंटल पडलाय, खालचा सडायला लागलाय. प्रार्थनेत देवाला काय मागायचं ते ठरवायला भाव नको का बघायला?"

पिंपळगावचा बागायतदार
किती निघाला मग?