मदत हवी आहे: सिग्नलला गाडी थरथरते, इंजिन मिसिंग मारतंय

भटक्या_८८: सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. आरपीएमचा काटा ६०० ते ९०० नाचतो. रेस दिली की एकदम नीट. प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल. परवा आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय, लवकर सांगा.

घाटवाट: पेट्रोल की डिझेल? किती पळाली आहे? चेक इंजिनचा दिवा लागतो का?

रानवारा: थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करा. आमच्या गाडीला अगदी हेच होतं. झडपेच्या कडेला काळा थर बसतो आणि आयडलिंगची (रेस न देता इंजिन चालू असतानाची) हवा तिथेच अडते.

घाटवाट: रानवारा, सरसकट थ्रॉटल बॉडी कशाला? इनटेकची (इंजिनात हवा नेणारी) रबरी नळी चिरली, बाहेरची हवा आत शिरली, तरी काटा असाच नाचतो.

भटक्या_८८: पेट्रोल, ८२ हजार किमी. सीएनजी किट आहे, पण त्याचा काय संबंध? दिवा मधूनच लुकलुकतो.

घाटवाट: संबंध आहे ना! सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगला ते व्होल्टेज देणारी कॉईल कमजोर झाली की आधी सीएनजीवरच कळतं. पेट्रोलवर टाकून बघा. आणि दिवा लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. असं कोल्हापूरला नेऊ नका.

शेतकरीपुत्र: सीएनजी घ्यायचीच कशाला? डिकी जाते आणि पंपावर रांग. डिझेल बघा.

रानवारा: डिझेलचा ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) काजळीने चोंदला की तीही अशीच थरथरते बरं.

भटक्या_८८: अहो गाडी विकायची नाहीये मला! पेट्रोलवर पण थरथरते, जरा कमी.

पानाबारा: गॅरेज आहे माझं. बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावा. समजा पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे इंधन नीट न पेटणं) आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉईल चौथ्याला लावा, कोड पुसा, गाडी चालवून परत बघा. पी०३०४ (चौथ्याचं मिसिंग) झाला तर कॉईल गेली. कोड जागचा हलला नाही तर इंजेक्टर (इंधन फवारणारा), टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) झिजते, टॅपेटचा गॅप कमी होतो. कॉम्प्रेशन न मोजता इंजिन खोलू देऊ नका.

भटक्या_८८: पी०३०२च होता! अदलाबदल केल्यावर पी०३०४ आला. कॉईल ओरिजिनलच घ्यावी का?

पानाबारा: ओरिजिनलच. तिचं प्लगवर बसणारं रबरी बूटही बघा, चिरलं असेल तर बदला.

रानवारा: थ्रॉटल बॉडी पण करून घ्याच.