मार्चमध्ये बडोदा आणि चांपानेरचे फोटो: कोणती वास्तू कोणत्या वेळी?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. होळीनंतरच्या आठवड्यात तीन सकाळी मोकळ्या आहेत. कमाटीबाग, चांपानेरची जामी मशीद, पळस आणि गावातल्या जुन्या वास्तू असा बेत आहे. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, शिवाय एक ट्रायपॉड. अडतं ते असं: मिनार एकमेकांकडे झुकलेले येतात, मशिदीच्या आत खांब काळे आणि खिडक्यांची दगडी जाळी पांढरीफट्ट, पळस म्हणजे नुसते केशरी डाग. आभाळही दुधाळ असतं. त्यासाठी पोलरायझर (चमक मारणारा, आभाळ गडद करणारा फिल्टर) घ्यावा का?

जाळीदार
आधी तारीख पक्की करा. चैत्री नवरात्रात महाकालीच्या दर्शनाला चांपानेरला लागून असलेल्या पावागडावर लोटच्या लोट येतात, त्यामुळे पाडव्याच्या आत चांपानेर उरका. रविवार तर नकोच.

मशिदीची किब्ल्याची (मक्केकडची) भिंत पश्चिमेला, म्हणजे दर्शनी बाजू पूर्वेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास जवळजवळ थेट पूर्वेला उगवतो. पहिला तासभर ऊन समोरून सपाट पडतं, रंग छान येतो पण कोरीवकाम उठत नाही. नऊच्या सुमारास सूर्य तीसेक अंशांवर येतो आणि थोडा दक्षिणेकडे सरकतो, मग सज्जांच्या आणि नक्षीच्या खाली सावली धरते. नऊ ते साडेदहा हा बाहेरून काढायचा वेळ. दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो, तेव्हा बाहेरून कॅमेरा काढूही नका.

मिनार झुकतात कारण तुम्ही जवळ उभे राहून कॅमेरा वर उचलता. सेन्सर उभ्या भिंतीला समांतर राहिला तर रेषा सरळच येतात. मिनार सुमारे ३० मीटर उंच आहेत. १८ मिमीवर कॅमेरा उभा धरून, अगदी समतल ठेवून टोक चौकटीत यायला साधारण ४५ मीटर मागे जावं लागतं. आडवा धरलात तर ७०. खालची अर्धी चौकट जमिनीने भरेल, ती नंतर कापा. व्ह्यूफाइंडरमधली समतल रेषा चालू ठेवा. मागे सरकायला जागाच नसेल तर थोडं वर करून काढा, पण चारही बाजूंनी जागा सोडा. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि ऐन वेळी मिनाराचा कळसच जातो.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, तो घरीच ठेवा. आतल्या घुमटासाठी त्याची गरजही नाही. रुमालाची घडी फरशीवर ठेवा, त्यावर कॅमेरा पाठीवर निजवा, लेन्स वर. मॅन्युअल फोकस, आयएसओ १००, एफ/८, दहा सेकंदांचा टायमर, आणि बाजूला व्हा, नाहीतर तुमचंच डोकं चौकटीत येतं. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घ्या: एक जाळीसाठी, एक मधला, एक खांबांसाठी, आणि घरी ते एकात जोडा. घुमट मधोमध यायला तीन-चार वेळा कॅमेरा बोटभर सरकवावा लागतो, त्यात कंटाळा करू नका.

खांबांच्या रांगा मात्र हातात धरूनच. एकूण १७२ खांब आहेत, सगळे एका चौकटीत कोंबण्यापेक्षा एकच रांग घ्या. आयएसओ १६००, एफ/५.६, फोकस तिसऱ्या खांबावर. एक्सपोजर जाळीवर बेता. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) असेल तर सावल्या नंतर उजळतात, पांढरी झालेली जाळी परत मिळत नाही.

विश्वामित्रीकाठ
पळसाचे डाग होतात ते लाल चॅनल भरून गेल्यामुळे. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि पाकळीचा पोत गेलेला असतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक्सपोजर उणे दोन-तृतीयांश स्टॉपपासून सुरू करा. लाल उजव्या भिंतीला टेकला तर उणे एक. २५० मिमी, एफ/८, शटर १/५०० सेकंद. वाऱ्यात फांदी हलते, त्यापेक्षा मंद शटर नको. केसुडो (आपला पळस) फुलतो तेव्हा झाडाला पानं जवळजवळ नसतात, त्यामुळे मागे दुधाळ आभाळ आलं की फोटो मेला. टेकडीचा सावलीतला उतार मागे येईल असं उभं राहा. पावागडच्या वाटेवर आणि पुढे जांबुघोड्याकडे असे कोन मिळतात. फुलं पडायच्या आधी जा, होळी उलटली की दिवस मोजकेच.

कमाटीबागेत सव्वाआठच्या आत काम संपवा. त्यानंतर झाडांखाली कवडसे पडतात. चेहरा असो की पुतळा, अर्धा जळतो आणि अर्धा काळा. पानांमधून येणाऱ्या उजेडात हिरवट झाक असते, म्हणून व्हाइट बॅलन्स थोडा मजेंटाकडे सरकवून पाहा. बागेबाहेरचा काळा घोडा (सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा) फसवा आहे: गडद ब्राँझ, मागे पांढरं आभाळ. अधिक एक ते दीड स्टॉप द्या आणि आभाळ जाऊ द्या, महाराजांचा चेहरा महत्त्वाचा.

विश्वामित्री नदीतल्या मगरींचे फोटो पुलावरूनच काढा. काठावर उतरू नका, खरंच नका.

उजेडवेडा
पोलरायझरबद्दल. निळ्या आभाळात तो उपयोगी पडतो, पण मार्चमधलं दुधाळपण धुळीचं आहे, ते त्याने जाणार नाही. शिवाय १८ मिमीवर आभाळाचा एक कोपरा गडद, दुसरा फिका येतो. दीड-दोन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच. बागेत चकचकीत पानांवरची चमक मारायला मात्र तो उत्तम. आभाळाचं म्हणाल तर ते चौकटीत कमीत कमी घ्या.

चांपानेरला गेलातच तर चक्री वाव (गोल जिन्याची विहीर) पाहा. जिना जेमतेम सव्वा मीटर रुंद आहे आणि विहिरीच्या भिंतीला धरून गोल उतरतो. तिथे सकाळी लवकर जा, आतली सगळी भिंत सावलीत असते तेव्हा. मध्यान्हाला ऊन आत उतरतं, मग एक बाजू जळते आणि दुसरीत काहीच दिसत नाही. उन्हातला काठ चौकटीबाहेर ठेवा.

दांडियाबाजार
फार उपयोगी, आभार. म्हणजे वाव आधी आणि मशीद नऊला. तांबेकर वाडा आणि कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रं १८ मिमीवर एका फोटोत घ्यावीत का?

जाळीदार
नको. कडेच्या आकृत्या ताणल्या जातात, आणि कीर्तिमंदिरातली चित्रकार नंदलाल बोसांची रेषा ताणली गेली की उरलं काय? परवानगी घ्या, फ्लॅश बंद ठेवा. ३५ मिमीवर भिंतीला समांतर उभे राहा, एकेक तुकडा काढत बाजूला सरका, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्या आणि घरी जोडा. सगळे तुकडे एकाच मॅन्युअल एक्सपोजरवर आणि एकाच व्हाइट बॅलन्सवर हवेत, नाहीतर सांधे दिसतात. खिडकीची चमक भिंतीवर आली तर एक्सपोजर बदलू नका, ऊन दुसऱ्या बाजूला सरकेपर्यंत थांबा.