घरातल्या आजाऱ्याचे करताना स्वतःला कसे सांभाळलेत? अनुभव लिहा

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाई चार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. येणारा प्रत्येक जण "त्या कशा आहेत?" असे विचारी आणि "काही लागले तर सांगा हं" म्हणत चपला घाली. काय लागते ते सांगण्याचेही त्राण माझ्यात नसे. खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र काहीएक न विचारता मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता विणकाम घेऊन येत आणि मला बजावत, "सहाच्या आत परत यायचे नाही." त्या दोन तासांवर मी ती वर्षे काढली. म्हणून या धाग्यात आजाराविषयी थोडे आणि तुमच्या अशा दोन तासांविषयी अधिक लिहावे, ही विनंती. ते कुणामुळे मिळाले, आणि मिळाले नसतील तर कशामुळे?

मुलुंड, वडिलांना पक्षाघात
दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, असे रुग्णालयातून निघताना सांगितले गेले. कशी बदलायची ते मात्र कुणी दाखवले नाही. मी काखेत हात घालून त्यांना वर ओढत असे, आणि तिसऱ्या महिन्यात माझीच कंबर धरली. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आईचे जुने सुती लुगडे मागून घेतले, त्याची चौपदरी घडी वडिलांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंथरली आणि दोघांनी दोन्ही कडा गुंडाळून मुठीत धरायच्या व एकाच वेळी, न उचलता, सरकवायचे, हे शिकवले. एकटे असताना पलीकडचा गुडघा दुमडून, खांदा आणि कंबर धरून रुग्णाला आपल्याकडे वळवायचे, हेही त्यांनीच दाखवले. आजाऱ्याचे करायला बाया पुरवणाऱ्या ब्यूरोकडून रात्रपाळीला आलेल्या बाईंना डुलकी लागायची, म्हणून मी एकदा तक्रार केली. त्या दिवसभर दुसऱ्या घरी अशाच एका आजोबांचे करून येतात, हे नंतर कळले, आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. आता रात्री दोनपर्यंत मी जागतो आणि पुढे त्या जागतात. सलग चार तासांची झोप मिळू लागल्यापासून माझी चिडचिड निम्म्यावर आली.

डोंबिवली, सासरे
माझे दोन तास कुणी दिलेले नाहीत, मी ते चोरते. कार्यालय सुटल्यावर सीएसएमटीहून मी मुद्दाम स्लो लोकल पकडते. पंधरावीस मिनिटे जास्त जातात, पण खिडकी मिळते आणि घाटकोपरपर्यंत कुणालाही माझ्याकडून काहीच नको असते. घरी मी "फास्ट चुकली" असे सांगते.

लालबाग, आईला स्मृतिभ्रंश
दिवेलागण झाली की आई, ज्या खोलीत चाळीस वर्षे राहिली त्याच खोलीच्या दाराशी पिशवी घेऊन उभी राहते आणि "मला घरी सोड, उशीर झाला" म्हणते. हेच आपले घर आहे, हे पटवण्यात मी एक वर्ष घालवले. एका संध्याकाळी मी तिचा हात इतक्या जोराने झटकला की तिच्या मनगटावर वळ उठला. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 पासून काम करते. तिच्या मुंबई शाखेची माहिती मला डॉक्टरांनी दिली आणि मी कुटुंबीयांच्या बैठकीला गेलो. तिथे मी हे खाली मान घालून सांगितले, तेव्हा शेजारचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मी ताट फेकले होते." वाद घालू नका, सोबत चाला, हेही तिथेच कळले. आता मी आईला गॅलरीच्या टोकापर्यंत नेतो, शेजारी "या आजी, या" म्हणतात, आणि परत फिरल्यावर मी म्हणतो, "आलो बघ घरी." बहुतेक दिवशी ती पिशवी खाली ठेवते.

सातारा, सध्या दादर
"स्वतःची काळजी घ्या" या सल्ल्याचा मला राग येतो. परळच्या टाटा रुग्णालयात पत्नीबरोबर दिवस जातो, तिथे ती कशी घ्यायची? खरा आधार दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मिळाला. शेजारचे लोक मला न विचारता माझे कपडे धुऊन वाळत घालतात.

गिरगाव (धागा सुरू करणारी)
मन फारच खचले तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा निःशुल्क क्रमांक 2022 पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रुग्णाच्या घरच्यांनीही फोन करावा. मी आपल्यासाठी नाही असे समजून सहा महिने केला नव्हता.

विलेपार्ले, आई
बंगळुरूचा भाऊ व्हिडिओ कॉलवरून सूचना करत असे. मे महिन्यात मी भांडण न करता आईला तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे नेऊन सोडले, सोबत चार पानी टिपण दिले: कोणती गोळी कुटून द्यायची, चहा बशीतूनच का लागतो, रात्री न्हाणीघरातला दिवा का घालवायचा नाही. पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. चौथ्या रात्री अडीच वाजता त्याचा फोन आला आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही. जूनपासून रात्रीच्या बाईंचा पगार तो देतो. मी मागितला नव्हता.